दाराशी काय विचारतात

डिसेंबर १९३९. फ्लशिंगच्या खाडीवरून येणारा वारा तुमच्या स्वेटरला जुमानत नाही. न्यूयॉर्कचा हा विमानतळ, पुढे ज्याला सगळे ला गार्डिया म्हणतील, इतका कोरा आहे की भिंतींचा रंगही जुना झालेला नाही. तुमच्या हातात शिकागोचं तिकीट आहे. बाहेर उभ्या असलेल्या डीसी-३ मध्ये २१ खुर्च्या, सगळ्या सारख्याच. स्वस्त दराचा वेगळा वर्ग अमेरिकेच्या आकाशात यायला अजून ९ वर्षं आहेत. तुमच्या पुढे उभा असलेला कारखानदार आणि तुम्ही, दोघं आत शेजारी-शेजारी बसणार, एकच जेवण जेवणार.

फरक आहे तो जमिनीवर.

समोर एक दार आहे. ते उघडलं की उबदार उजेडाची पट्टी तुमच्या बुटांपर्यंत येते, हसण्याचे आवाज येतात, आणि दार मिटतं. ही जागा मुळात महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांच्या कचेरीसाठी होती. वर्तमानपत्रांनी त्या थाटावर टीका केली, तेव्हा त्यांनी ती भाड्याने द्यायचं ठरवलं. अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांनी ती लगेच घेतली. त्यांच्या विमानांना ‘फ्लॅगशिप’ म्हणतात, म्हणून लाडक्या ग्राहकांना ‘अ‍ॅडमिरल’ हा मानाचा हुद्दा. आणि ही बैठक अ‍ॅडमिरल्स क्लब. विमान कंपनीचं जगातलं पहिलं लाउंज म्हणतात ते हेच.

तुम्ही पुढे होता. दाराशी बसलेली बाई अदबीनं विचारते, नाव? तुम्ही सांगता. ती यादीवरून बोट फिरवते. तुम्ही खिशात हात घालता, पैसे द्यायची तुमची तयारी आहे. ती मान हलवते. इथे वर्गणीच नाही. निमंत्रण लागतं, आणि ते कंपनी देते, तिला हव्या त्या माणसाला. तुमचं तिकीट खरं आहे, भाडं पुरतं भरलेलं आहे, तरी तुम्ही बाहेरच्या बाकावर बसता. त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा जाणवतं ते हे, की पैसे असूनही आत न जाता येणं पैसे नसण्यापेक्षा जास्त बोचतं. पैसे नसतील तर कारण तरी कळतं.

विमानाचा आवाज वाढत जातो. तुम्ही डोळे मिटता आणि उघडता तेव्हा घामानं सदरा पाठीला चिकटलेला आहे.

ऑगस्ट १९५५. ह्यूस्टन, टेक्सास. विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या मोठ्या दालनात तुम्ही एका टेबलापाशी उभे आहात. पुढच्या विमानाला वेळ आहे. काटे-चमचे वाजताहेत, कॉफीचा वास आहे. तुमच्या पलीकडच्या टेबलावर दोन भारतीय गृहस्थ बसलेत. एक आहेत गगनविहारी मेहता, भारताचे अमेरिकेतले राजदूत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले. दुसरे त्यांचे सचिव. तुम्हाला उगाच बरं वाटतं. परमुलखात आपल्याकडचा माणूस दिसला की वाटतं तसं.

मग उपाहारगृहाची माणसं येतात. आवाज चढलेला नसतो. त्या दोघांना इथून उठून दुसऱ्या, वेगळ्या खोलीत बसायला सांगितलं जातं. हे दालन गोऱ्यांचं आहे.

तुमच्या स्वतःच्या हाताकडे बघा. त्याचा रंग बघा. तुम्हाला अजून कुणी उठवलेलं नाही, एवढंच.

हा क्षण मी घाईनं ओलांडू देणार नाही. राजदूत म्हणजे एका देशाचं अंगावर घेतलेलं नाव. त्यांच्यापाशी राजनैतिक पारपत्र आहे, दिल्लीचा हुद्दा आहे, राष्ट्राध्यक्षांच्या घरात त्यांना जाता येतं. पण दाराशी त्यातलं काहीच विचारलं गेलं नाही. नुसतं बघितलं गेलं. आणि दिलं काय, तर वेगळी खोली. गर्दीपासून बाजूला, दार लावलेली. पुढे कधीतरी लोक याच वेगळ्या खोलीसाठी लाखो रुपये मोजतील. भिंती त्याच असतात. पण कुणी आत ‘या’ म्हणून नेतं आणि कुणी आत ‘जा’ म्हणून धाडतं.

बातमी पसरते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस माफी मागतात, ह्यूस्टनचे महापौरही मागतात. ती माफी एका राजदूतापुरती असते. त्याच दालनातून, त्याच कारणानं, त्याच वर्षी उठवल्या गेलेल्या काळ्या अमेरिकनांना अशी पत्रं गेली नाहीत, आणि मला त्याचा राग येतो.

फ्रँकफर्टला २००४ च्या अखेरीस फार थांबू नका. तिथे लुफ्तान्सानं पहिल्या वर्गासाठी एक दालन नव्हे, अख्खी वेगळी इमारतच उभी केली आहे. सुरक्षा तपासणी आतच, न्हाणीघरात टबासाठी रबरी बदक, आणि विमानापर्यंत सोडायला मोटार. बिझनेस क्लासचा नुसता बोर्डिंग पास तिथे चालत नाही.

आता पहाटेचे चार. मुंबई, टी-२. लाउंजच्या दाराशी रांग लागली आहे आणि तुम्ही तिच्यात आहात. इथे निमंत्रण नको, रंग कुणी बघत नाही. कार्ड यंत्रावर टेकवायचं, २ रुपये कापले जातात, आत उपमा, कॉफी, मऊ खुर्च्या. मात्र हल्ली बऱ्याच बँकांची एक अट असते: मागच्या तिमाहीत तुम्ही त्या कार्डावर पुरेसा खर्च केलेला हवा.

तुमच्या पुढे एक आजी-आजोबा आहेत. बंगळुरूला लेकीकडे निघालेत. आजोबांचं कार्ड चालतं, आजींचं नाही. दाराशी बसलेला मुलगा ते पुन्हा एकदा यंत्रावर टेकवून बघतो, मग ओशाळून परत देतो.

“तू जा माझ्या कार्डावर,” आजोबा म्हणतात. “मी बसतो बॅगांपाशी.”

“आणि मी एकटी आत काय करू?”

दोघं रांगेतून बाहेर पडतात. यंत्र मोकळं होतं, मुलगा तुमच्याकडे बघतो. तुमचं कार्ड तुमच्या बोटांत आहे. तुम्ही ते पाकिटात ठेवता आणि गेटाजवळच्या खुर्च्यांकडे त्यांच्या मागून जाता.

आजी पिशवीतून स्टीलचा डबा काढतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी. तुमच्याकडे बघून विचारतात, “ती बॅग जरा सरकवता का? म्हणजे डबा मध्ये ठेवता येईल.”