साप परदेशी, औषध कुठलं?

विषारी प्राणी घरात पाळण्याची हौस हा आजचा विषय. पण सुरुवात सापापासून नको, सापावरच्या औषधापासून करू. आपण बोलताना ‘सापाची लस’ म्हणतो, ते खरं तर प्रतिविष.

आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरने १८९०च्या दशकात नागाच्या विषावर ते तयार केलं. रीत आजही साधारण तीच आहे. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जायचं, त्याचं शरीर त्याच्याशी लढायला शिकतं, आणि मग त्याच्या रक्तातून ते औषध वेगळं काढायचं. काल्मेतला वाटलं, हे कुठल्याही सापाला चालेल. तो समज खोडला ब्राझीलमधल्या एका डॉक्टरने. त्याचं नावच व्हितल ब्राझील, बरं का! त्याने दाखवलं की आशियातल्या नागावरचं औषध ब्राझीलच्या सापांना लागू पडत नाही. तिथल्याच दोन जातींनासुद्धा दोन वेगळी औषधं लागतात.

म्हणजे ज्या मुलखातला साप, त्याच मुलखातलं औषध. आता साप उचलून दुसऱ्या खंडात नेला तर?

१९५७ साली शिकागोत कार्ल श्मिट यांच्याकडे एक लहानसा साप आला. तो घरचा पाळीव नव्हे. प्राणिसंग्रहालयाने जात ओळखायला पाठवलेला, आफ्रिकेतला बूमस्लँग. श्मिट म्हणजे नावाजलेले सर्पतज्ज्ञ. साप अंगठ्याला चावला, ते स्वतःची लक्षणं वहीत टिपत राहिले आणि दुसऱ्या दिवशी गेले. त्या सापावरचं औषध होतं आफ्रिकेत.

हे तज्ज्ञांचं झालं. पुढे असे साप हौशी लोकांच्या दिवाणखान्यात आले. ब्रिटनने १९७६ मध्ये कायदा करून परवाना सक्तीचा केला. जर्मनीत २०१९ साली हेर्न गावात नाग निसटला, इमारती रिकाम्या कराव्या लागल्या, मग त्या राज्याने कायदा केला. आधी साप बाहेर, मग कायदा!

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा नियम मला फार बोलका वाटतो. विषारी साप पाळणाऱ्याकडे एक कागद हवा, त्यात प्रतिविषाचं नाव आणि ते कुठे मिळेल हे लिहिलेलं हवं. औषध घरात हवं असं नाही, पत्ता हवा. २०२१ च्या मार्चमध्ये तिथल्या राली शहरात एका हौशी माणसाला त्याच्याच ग्रीन मांबाने चावा घेतला. औषध आलं शेजारच्या राज्यातल्या प्राणिसंग्रहालयातून. ते औषध तिथे ठेवलेलं असतं कुणासाठी? तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी. त्याच घरातला झेब्रा कोब्रा आधीच पळालेला होता. जूनमध्ये तो दिसला, तेव्हा कुठे शेजाऱ्यांना कळलं.

आपल्याकडे नाग-घोणस घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. परदेशी प्राण्यांसाठी मात्र २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नोंदणीचे नियम यावे लागले. नोंदणीने प्राणी कुणाकडे आहे ते कळतं. दवाखान्यातली बाटली तीच राहते: नाग, मण्यार, घोणस, फुरसं, एवढ्या चौघांवरची. आपल्या सह्याद्रीतला चापडासुद्धा तिच्यात बसत नाही, मग आफ्रिकेतला मांबा कुठून बसणार?

हं, प्रश्न घेऊ या.