सागाचं बी उगवेना, तेव्हा कलेक्टरनेही हात टेकले होते!

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, पण यंदा बीजगोळे घेऊन डोंगरावर निघण्याआधी वाचाच.

गेल्या जूनमध्ये आम्हीही सागाचे बीजगोळे टाकले. फोटो झकास आले. श्रावणात वर जाऊन पाहिलं, तर रोप एकही नाही. "बीच खराब होतं" म्हणून आम्ही मोकळे झालो. नंतर जुना इतिहास वाचला आणि लाज वाटली.

साग म्हणजे आरमाराचं लाकूड. आरमारासाठी तो तोडायचा तर हुजूरची परवानगी घ्या, असं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. कंपनीच्या काळात तोड बेसुमार झाली. वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेलं १८१७ चं 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला बघायला मिळतं. पण मलबारची जंगलं उघडी पडली.

म्हणून तिथला कलेक्टर कोनोली याने १८४० नंतर निलंबूरला सागाची लागवड काढली. जमीन होती, मजूर होते, सरकारी पैसा होता. बी मात्र उगवेना! भिजवून पाहिलं, टरफल काढून पाहिलं, वणव्यासारखं वर गवत जाळूनही पाहिलं. शेवटी १८४४ च्या सुमारास चातू मेनन या देशी अधिकाऱ्याने घडी बसवली. बी भिजवायचं, वाफ्यात उथळ पेरायचं, वर गवत अंथरायचं आणि रोज पाणी द्यायचं. १८४६ च्या लागवडीतले साग निलंबूरला अजून उभे आहेत. नाव मात्र 'कोनोली प्लॉट'. मेननचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

कारण साधं आहे. आपण ज्याला सागाचं बी म्हणतो ते खरं तर फळ. आत दगडासारखी कोय, तिच्यात चार कप्पे, त्यातले काही रिकामेच. ऊन, पाऊस आणि वाळवी यांनी ते कवच सैल होईपर्यंत कोंब बाहेर येत नाही. जंगलात याला कधीकधी वर्षं लागतात. म्हणून रोपवाटिकेत रात्री भिजवणं आणि दिवसा कडक उन्हात वाळवणं असं पंधरा दिवस चालतं. वर सागाला ऊन लागतं. दाट झाडीत टाकलेलं बी फुकट गेलं म्हणून समजा.

तेव्हा यंदा आम्ही गोळे टाकणार नाही. आधी गादीवाफा, मग सागजडी, मगच डोंगर. आणि कुणी "हजारो बिया टाकल्या" म्हणालं, तर एकच विचारा: भाऊ, उगवल्या किती?