दवंड्याचा डोंगर, ७ जुलै १९६२ : एका विमानापघाताचे वाचन

इ. स. १९६२ च्या ७ जुलै रोजी, मध्यरात्र उलटून सुमारे दहा मिनिटे झाली असता, अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान जुन्नर परिसरातील दवंड्याच्या डोंगरावर आदळले. सिडनीहून निघालेले हे विमान बँकॉकहून मुंबईस येत होते. तेथून कराची व तेहरानमार्गे ते रोमला जावयाचे होते. त्यात ८५ प्रवासी व ९ कर्मचारी होते. त्यांपैकी एकही वाचला नाही. अपघातस्थळापासून मुंबई सुमारे ८४ किलोमीटर दूर होती.

विमानाचा द्रवदाब नाहीसा झाला, तर मापकाचा काटा पडतो, इशाऱ्याचा दिवा लागतो आणि कर्मचारी पुस्तिकेतील क्रमाने उपाय योजू लागतात. त्या रात्री तसा दिवा लागण्याचे कारण नव्हते. चौकशीचा निष्कर्ष असा की, स्थाननिश्चितीत चूक झाल्यामुळे वैमानिकास आपण मुंबईच्या प्रत्यक्षापेक्षा अधिक जवळ आहोत असे वाटले आणि थेट धावपट्टीकडे जाण्यासाठी त्याने, बाहेरचे काही दिसत नसताना, अवेळी उंची कमी केली. अर्थात प्रसंग बिघाडाचा नव्हता, गैरसमजाचा होता; आणि गैरसमज झालेल्यास त्याची सूचना कोणता मापक देणार? ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानास ८४ किलोमीटर म्हणजे सहा-सात मिनिटांचे अंतर होय.

चौकशीने तीन साहाय्यक कारणे नोंदविली. स्थान पडताळण्यासाठी उपलब्ध असलेल्या साधनांचा उपयोग न करणे, विहित किमान उंचीचे उल्लंघन आणि मार्गातील भूप्रदेशाची अनोळख. पहिली दोन वैमानिकाच्या वर्तनाची आहेत. तिसरे त्यांच्याच रांगेत बसविलेले असले, तरी त्याची जात निराळी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ओळख करून देणे हे पाठविणाऱ्याचेही काम असते, आणि मृत वैमानिक आपली बाजू मांडू शकत नाही.

ही अनोळख नेमकी कशाची, हे इतिहासाच्या अभ्यासकास जुन्नरमध्ये वेगळे शोधावे लागत नाही. सातवाहनकाळापासून घाटावरचा माल जुन्नरहून नाणेघाटाने कोकणात उतरून कल्याणच्या बंदराकडे जाई. नाणेघाटातील नागनिकेचा लेख व वाटेवरचा दगडी रांजण विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेतच. या वाटेचा मूलभूत नियम भूगोलाने ठरविलेला आहे. पूर्वेकडून येणाऱ्यास कुकडी, मीना वा घोड नदीच्या खोऱ्यातून चढत घाटमाथा गाठावा लागतो. उतार त्यानंतरच सुरू होतो. माथ्याच्या अलीकडे उतरावयास जागाच नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम अंगास भीमाशंकरपासून हरिश्चंद्रगडापर्यंत ही डोंगरांची भिंत उभी आहे. हरिश्चंद्रगड तर ४,६०० फुटांहून उंच आहे. विमान आदळले तो माथा सुमारे ३,६०० फूट उंचीचा, म्हणजे या रांगेत काही असाधारण नव्हे. बैलांचा तांडा ज्या भिंतीस वळसा घालून खिंड शोधी, तीच भिंत नकाशावर मुंबईकडे ओढलेल्या सरळ रेषेखाली लपून जाते.

तेरा वर्षांपूर्वी, १२ जुलै १९४९ रोजी, डच कंपनी केएलएमचे विमान दिल्लीहून सांताक्रूझला उतरताना पावसात घाटकोपरच्या टेकडीवर आदळून त्यातील सर्व ४५ जण दगावले होते. दोन्ही अपघात जुलैतले, दोन्ही डोंगरावरचे. तथापि त्यांस एकाच माळेत ओवू नये. घाटकोपरची घटना दिवसाउजेडी, विमानतळाच्या उंबरठ्यावर घडली. जुन्नरची रात्री, विमानतळ दूर असताना. पहिलीत ढगांनी जवळचा डोंगर झाकला होता, दुसरीत डोंगर अद्याप ओलांडावयाचा आहे हेच ध्यानी नव्हते.

अशा टकरींत वैमानिकाच्या पूर्ण ताब्यातील, सुस्थितीतील विमान जमिनीवर जाऊन आदळते. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टननजीक टीडब्ल्यूए कंपनीचे विमान असेच अवेळी खाली येऊन डोंगरावर आदळले व ९२ माणसे दगावली. त्यानंतर तेथील शासनाने जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचे केले. ते यंत्र विमानाच्या थेट खालील जमिनीचे अंतर मोजीत असे. त्यामुळे सह्याद्रीसारख्या उभ्या कड्यासमोर त्याचा इशारा फार उशिरा मिळण्याचा संभव होता. समोरील भूभागाचा नकाशा स्वतःजवळ बाळगणारी यंत्रे १९९० च्या दशकात आली. अलितालिया कंपनी २०२१ साली बंद झाली.