बोटांनी पाहायचे चित्र

सुलतानपूरच्या मुलांनी अंध व्यक्तींसाठी जवळच्या लोणार सरोवराचे चित्र करायचे ठरवले, तर रंगपेटी कामाची नाही. मग ते कसे करायचे? उत्तर इतिहासात आहे.

पॅरिसमध्ये १७८५ च्या सुमारास व्हॅलेंतीन आयुई यांनी अंध मुलांची शाळा काढली. तिथे नेहमीचीच अक्षरे उठावदार छापत. पण ती अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली. बोटांनी वाचताना फार वेळ लागे. त्याच शाळेत लुई ब्रेल शिकला. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यातली आरी डोळ्यात घुसली आणि पुढे दुसराही डोळा गेला. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने टिंबांची लिपी बसवली. बोटाच्या टोकाला साधारण २ मिलिमीटरवरचे दोन बिंदू वेगळे कळतात. ब्रेलची टिंबे सुमारे २.५ मिलिमीटरवर असतात. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ मध्ये आली.

मुलांना हेच शिकवा. पोळ्याचे बैल घडवणारे हात विवराची उंच कडही मातीने करतील. पाण्याच्या जागी गुळगुळीत प्लास्टिक, झाडीसाठी गोणपाट. बारकावे कमी, मोकळी जागा जास्त. आधी स्वतः डोळे मिटून चाचपा. शेवटचा निकाल मात्र अंध व्यक्तीचा.

आणि ब्रेलची आरी विसरू नका. टोकदार अवजारे मोठ्यांनीच हाताळावीत. डोळ्यात काही घुसले तर ते उपसू नका, डोळा चोळू नका, दूध-मध घालू नका. दाब न देता डोळा झाका आणि लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा.