रामबागेतलं एक पी.पी.एफ. खातं

आपल्या इंदूरच्या जुन्या वाड्यांच्या आठवणी इथे बरेच जण लिहितात. मी पडलो कॉमर्सचा माणूस, त्यात उभा जन्म बँकेत गेला. वाडा म्हटलं की मला त्याचं भाडं आणि भाड्यावरचा टॅक्स आठवतो. तेव्हा आज थोडा हिशेबाचा इतिहास.

पी.पी.एफ. सुरू झाला १ जुलै १९६८ ला. नोकरीत प्रॉव्हिडंट फंड नसलेल्यांची, म्हणजे दुकानदार, वकील, भिक्षुकी करणारे, शिकवण्या घेणाऱ्या बायका यांची म्हातारपणाची सोय व्हावी हा हेतू. सुरुवातीचं व्याज ४.८ टक्के. पंधरा वर्षं पैसे अडकवायचे म्हटल्यावर आमची मंडळी म्हणायची, "तोवर राहतो कोण!" पुढे १९८६ मध्ये व्याज १२ टक्के झालं, ते थेट जानेवारी २००० पर्यंत टिकलं. तेव्हा मात्र तीच मंडळी मार्च महिन्यात काउंटरवर गर्दी करायची. व्याजावर टॅक्स नाही, मुदतीनंतरच्या रकमेवर नाही, आणि कोर्टाचा कर्जवसुलीचा हुकूम आला तरी खात्याला जप्ती नाही. धंद्यातल्या माणसाला ही तिसरी गोष्ट फार मोठी.

रामबागेतले एक काका, वडिलांचे स्नेही. तीन भावांचं एकत्र कुटुंब, वडिलोपार्जित घराचं भाडं यायचं, आणि काका कर्ते म्हणून एच.यू.एफ.ची वेगळी फाइल होती. १९९५ च्या दिवाळीनंतर मीच त्यांना सांगितलं, "काका, कुटुंबाच्या नावानं पी.पी.एफ. काढा." तेव्हा कलम ८८ होतं, भरलेल्या रकमेच्या २० टक्के थेट टॅक्समधून कमी व्हायचे. काका वर्षाला वीस हजार भरायचे, चार हजार वाचायचे. फॉर्म मी माझ्या हातानं भरला.

१३ मे २००५ पासून नियम बदलला. एच.यू.एफ.ला नवीन खातं बंद, आणि जुनं खातं पंधरा वर्षं पूर्ण झाली की मिटवायचं, मुदतवाढ नाही. सर्क्युलर माझ्या टेबलावरून गेलं. मी सही करून पुढे पाठवलं. काकांचं खातं २०११ पर्यंतचं, अजून सहा वर्षं आहेत, तेव्हा सांगू म्हटलं. २०१० मध्ये मी रिटायर झालो आणि विसरलो.

खातं ३१ मार्च २०११ ला पुरं झालं. काकांना वाटलं, आपल्या स्वतःच्या खात्यासारखंच हेही चालू राहील. ते चुकीचं नव्हतं हो, व्यक्तीचं खातं मुदतीनंतर तसंच ठेवलं तरी व्याज मिळतंच. पैसे भरत राहायचं असेल तर वर्षाच्या आत फॉर्म द्यावा लागतो, एवढंच. पण हे कुटुंबाचं. शाखेनंही दोन वर्षं पैसे घेतले. २०१३ मध्ये मागची भिंत खचली, काका पैसे काढायला गेले, तर कळलं की दोन वर्षांचं व्याज नाही. लाखाच्या वरची रक्कम. मी त्यांच्याबरोबर शाखेत गेलो, अर्ज लिहिले, वरपर्यंत पत्रं पाठवली. उत्तर एकच, नियमात बसत नाही. आणि खरंच बसत नव्हतं, ते मला माहीत होतं.

सहा-सात महिन्यांनी मी काकांना सर्क्युलरचं सांगून टाकलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग काकूंना म्हणाले, "ह्याला चहा दे," आणि उठून आत गेले. त्यानंतर टॅक्सच्या कागदांसाठी त्यांनी मला कधी बोलावलं नाही. सणावारी बोलावत राहिले.

आता व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, वर्षाची मर्यादा दीड लाख. नवीन पद्धतीनं टॅक्स भरणाऱ्याला गुंतवणुकीची सूट नाही, व्याज मात्र अजून करमुक्त. पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज जातं. आणि घरात कुणाचं जुनं पासबुक असेल तर पहिल्या पानावर खातेदाराचं नाव नीट वाचा. एच.यू.एफ. दिसलं तर मला फोन करा, मी येतो.