महापुराची बोट आणि पंख्याचा पिच

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की कोल्हापुरात यांत्रिक बोटींची चर्चा सुरू होते आणि हॉर्सपॉवरवर येऊन थांबते. पंख्याचा विषय निघालाच, तर पूर्वपक्ष ठरलेला: पिच जितका जास्त, तितकी बोट वेगवान, आणि वेगवान बोटच प्रवाहाला दाद देत नाही.

यातले अर्धे खरे आहे, म्हणूनच ते फसवे. पिच म्हणजे घसरण न धरता पंख्याने एका फेऱ्यात कापायचे अंतर. इंजिन मिनिटाला ५००० फेरे, गिअर २:१, पिच १३ इंच. कागदावर ताशी ५० किलोमीटर येतात. १७ इंची पंखा लावा, ६५ होतील. पण ते ५००० फेरेच भरल्या बोटीत मिळत नाहीत. उसाची ट्रॉली टॉप गिअरात घाट चढत नाही, तसे इंजिन दबते. नाक वर, मागची बाजू पाण्यात रुतलेली, चालवणाऱ्याला समोरचे दिसत नाही. हिला प्रवाहाला दाद न देणारी म्हणायचे?

शिवाय मागच्या फळीवर इंजिन टांगलेल्या आउटबोर्ड बोटीला वेगळे सुकाणू नसते. पंख्याने ढकललेले पाणी हेच तिचे सुकाणू. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ तालुक्यात बोटी घराघरांमधून फिरल्या. अशा गल्लीत जास्त पिचची बोट गिअर टाकताच, थ्रॉटल न देताही, नको तितकी पुढे जाते. कमी पिचची सावकाश सरकते, आणि प्रवाहात जोर लागला की लगेच देते.

‘मग चार पाती लावा,’ हा उपपक्ष. त्यात तथ्य जास्त. वळणावर तीन पाती वरची हवा ओढून पकड सोडतात, तिथे चार सहसा टिकतात. मागचा भागही उचलून धरतात. थोडा वेग जातो, जाऊ द्या. मात्र पिच तोच ठेवून पाते वाढवले तर इंजिनावर आणखी भार येतो, म्हणून पिच इंचभर उतरवावा लागतो. आणि इंजिनच मागच्या फळीवर फार उंच बसवले असेल, तर पाच पातीही हवाच ओढतील.

निवाडा टॅकोमीटरने करावा. माणसे, इंधन, सामान यांसह पूर्ण थ्रॉटल द्या. फेरे इंजिनाच्या कंपनीने पूर्ण थ्रॉटलसाठी दिलेल्या टप्प्याखाली राहिले, तर पिच दोन इंच कमी करा, साधारण ३०० ते ४०० फेरे वाढतात. यावर आक्षेप येतो, की रिकाम्या बोटीत मग इंजिन जास्तच फिरेल. फिरेल, पण तिथे थ्रॉटल मागे घेता येतो. भरल्या बोटीत कमी पडलेले फेरे कुठल्याच हाताने वाढवता येत नाहीत.