वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर प्रथिनांचे गणित

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर काट्यावरचा आकडा झपाट्याने खाली येतो. मात्र घटणारे सारे वजन चरबीचे नसते. आहारात प्रथिने अपुरी पडली तर शरीर स्नायूंमधील प्रथिने वापरू लागते. परिणामी वजन कमी होते, पण ताकदही जाते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या आहारात पहिला मान प्रथिनांचा असतो.

अडचण कशामुळे?

‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढला जातो. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराची सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी उरते आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून अन्न पुढे जाते. दोन्ही प्रकारांत चार घासांतच पोट भरते. भूक मंदावते आणि अनेकांना काही काळ मांस-मासळीचा वासही नकोसा होतो.

किती प्रथिने हवीत?

सर्वसाधारण शिफारस दिवसाला किमान ६० ग्रॅमची आहे. गरजेनुसार हे प्रमाण आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत वाढवता येते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

टप्प्याटप्प्याने आहार

पहिले साधारण दोन आठवडे द्रवाहार, त्यानंतर घोटलेले व मऊ अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम बहुधा असतो. आजाऱ्याला पेज देण्याची गोव्यात जुनी रीत आहे. पण पेज, शहाळ्याचे पाणी, सोलकढी किंवा वरणावरचे नुसते पाणी यांत प्रथिने नगण्यच. म्हणून या काळात साय काढलेले दूध, ताक आणि आहारतज्ज्ञाने सुचवलेली प्रथिनांची पावडर यांवर भर द्यावा लागतो. पावडर बिनसाखरेची असावी, कारण बायपासनंतर गोड पदार्थांनी घाम, धडधड व जुलाब यांचा त्रास होऊ शकतो.

६० ग्रॅम कसे जुळतात?

नेहमीचा आहार सुरू झाल्यावर एका दिवसाचा ढोबळ हिशेब असा: एक अंडे ६ ग्रॅम, पेलाभर (२०० मिलिलिटर) दूध ६, बांगडा किंवा इसवणाचा ७५ ग्रॅमचा तुकडा १५, पनीर ५० ग्रॅम ९, लहान वाटी घट्ट वरण ४ आणि पावडरीचे एक माप सुमारे २०. एकूण ६०. पावडरीतील प्रमाण उत्पादनागणिक बदलते, त्यामुळे वेष्टन वाचून घ्यावे.

श्रावणात किंवा सोमवार-गुरुवारी मासळी वर्ज्य असणाऱ्या घरांत ही तूट पावडरीचे दुसरे माप, पनीर, टोफू किंवा सोयाबीनच्या वड्यांनी भरून काढता येते. उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र या कामी येत नाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

जेवणाची शिस्त

ताटातील प्रथिनांचा पदार्थ आधी खावा, त्यानंतर भाजी आणि जागा उरलीच तर भात वा पोळी. घास बारीक चावावा. जेवताना पाणी टाळावे व जेवणानंतर अर्धा तास थांबावे. दिवसभरात घोट-घोट करून सुमारे दीड लिटर द्रव पोटात जायला हवा. स्नायू टिकवण्यासाठी आहाराला व्यायामाची जोड लागते. त्याची सुरुवात डॉक्टरांच्या अनुमतीनेच करावी.

धोक्याची चिन्हे

सततचा थकवा, जिना चढताना पायांत बळ नसणे, जखम लवकर न भरणे आणि पायांवर सूज ही प्रथिने कमी पडत असल्याची चिन्हे असू शकतात. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास केस गळतात. याला वजनातील वेगवान घट हे एक कारण असले, तरी प्रथिने, लोह व जस्त यांची कमतरता ही गळती वाढवते. वारंवार उलट्या होत असल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. अशा वेळी ‘बी-१’ जीवनसत्त्व घटून मेंदू व मज्जातंतूंना इजा होण्याचा संभव असतो.

लोह, कॅल्शियम, ‘बी-१२’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या व ठरलेल्या रक्ततपासण्या वजन स्थिरावल्यानंतरही चालू ठेवाव्या लागतात. शस्त्रक्रिया काही तासांत संपते, आहाराचे पथ्य मात्र आयुष्यभराचे असते.